महाभारत-रामायणातली वचनं: गावात बसून वाचायची, तपासायची आणि वापरायची कशी

तीन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका लग्नात माझ्या हातात माइक आला. मंगलाष्टकं आटोपली होती, पंगत बसायची होती आणि मास्तर म्हणून मला ‘दोन शब्द’ बोलायचे होते. मी वनपर्वातला श्लोक काढला:

न च भार्यासमं किंचिद् विद्यते भिषजां मतम् ।
औषधं सर्वदुःखेषु सत्यमेतद् ब्रवीमि ते ॥

म्हणजे, कोणतंही दुःख असो, बायकोसारखं औषध नाही. वैद्यांचंही हेच मत आहे, मी खरं तेच सांगते. हे बोलणारी दमयंती म्हणजे आपल्या विदर्भाची लेक, हेही ठसक्यात सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर नवरीची मावशी समोर. दर अधिक महिन्यात पोथीला बसणारी बाई. म्हणाली, “मास्तर, बाई बोलली थे सांगतलं तुमी. मंग त्या रातच्याले नळानं काय केलं, थे काहून नाई सांगतलं?”

नळानं त्याच रात्री दमयंतीला रानात झोपलेली टाकून दिलं होतं. राज्य द्यूतात गेलेलं, अंगावरचं वस्त्र पक्ष्यांनी नेलेलं, दोघं एकाच लुगड्यात. नळ तिला पुन्हा पुन्हा ‘हा रस्ता विदर्भाला जातो’ म्हणून दाखवतो आणि तिच्या काळजात चर्र होतं, की हा मला माहेरी धाडून सुटायला बघतोय. म्हणून ती ‘बायकोसारखं औषध नाही’ म्हणते. तो म्हणतो, तुला सोडणार नाही. आणि रात्री तलवारीनं अर्धं वस्त्र कापून घेऊन निघून जातो. हा श्लोक मी नवरदेवाच्या तोंडावर, भर मांडवात आशीर्वाद म्हणून म्हटला होता.

पुढचं सगळं त्या मावशीच्या प्रश्नातून आलंय. गावातली बरीच पोरं आता विचारतात, की भाषणात, कीर्तनात, स्टेटसला टाकायला वचनं पाहिजेत, सुरुवात कुठून करायची? संस्कृत येत नसलं तरी चालतं. देवनागरी वाचता येते, तेवढं भांडवल पुरे.

आधी वही

दुकानातून दोनशे पानी रजिस्टर आणा आणि प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून चार घरं करा. पहिल्या घरात वचन. दुसऱ्यात कोण कोणाला म्हणालं. तिसऱ्यात कोणत्या वेळी. चौथ्यात ऐकणाऱ्यानं मग काय केलं. चौथं घर रिकामं असेल तर ते वचन अजून तुमचं झालेलं नाही, ते कुठेही म्हणू नका. मोबाईलमध्ये लिहिलं तरी हरकत नाही, पण माझा अनुभव असा की मोबाईलमध्ये पहिलंच घर भरलं जातं आणि उरलेली तीन ‘नंतर बघू’त जातात.

कुठून लागायचं

महाभारत परंपरेनं एक लाख श्लोकांचं, १८ पर्वांचं. रामायण २४,००० श्लोकांचं, ७ कांडांचं. आदिपर्वाच्या पहिल्या पानापासून निघालेले माझ्या ओळखीतले चार जण जनमेजयाच्या सर्पसत्रातच, म्हणजे साप होमायच्या यज्ञातच, अडकले. ते परत आलेले नाहीत.

उद्योगपर्वापासून लागा. त्यातले ३३ ते ४० हे आठ अध्याय म्हणजे विदुरनीती. वचनांची एवढी दाट पेरणी दुसरीकडे क्वचितच आहे, आणि प्रसंगही सोपा आहे. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगणार आहे, आणि धृतराष्ट्राला रात्री झोप नाही. तो विदुराला बोलावतो. या भागाचं नावच प्रजागर, म्हणजे जागरण. आपल्याकडे वावरात रानडुकरं येऊ नयेत म्हणून जागलीला जातात, त्या ‘जागल’शी या शब्दाचं रक्ताचं नातं आहे.

विदुर आल्या आल्या काय म्हणतो बघा. बलवानानं ज्याच्यावर चाल केली तो दुबळा, साधन नसलेला, ज्याचं सर्वस्व गेलं तो, कामानं पछाडलेला आणि चोर, यांना रात्रीचं जागरण घडतं. आणि मग सरळच विचारतो, महाराज, यातलं तुम्हाला काही झालं नाही ना? दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरून तर तळमळत नाही ना? भाऊ असला तरी राजाच्या तोंडावर हे विचारायला छाती लागते.

त्याच अध्यायात विदुर एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजत वचनं सांगतो. पाठ करायला ही सोय फार चांगली. एकट्यानं करू नये अशी चार कामं त्यानं सांगितली आहेत:

एकः स्वादु न भुञ्जीत एकश्चार्थान्न चिन्तयेत् ।
एको न गच्छेदध्वानं नैकः सुप्तेषु जागृयात् ॥

गोडधोड एकट्यानं खाऊ नये, पैशाअडक्याचे बेत एकट्यानं करू नयेत, वाट एकट्यानं चालू नये, आणि सगळे झोपले असताना एकट्यानं जागू नये. शेवटचं कोणाला सांगतोय? सगळं हस्तिनापूर झोपलेलं असताना एकटा जागा राहिलेल्या माणसाला. वेगळ्या कागदावर हा श्लोक साधी शिकवण वाटतो. त्या रात्रीत ठेवला की टोचतो.

विदुरनीती झाली की वनपर्वाच्या शेवटचे यक्षप्रश्न घ्या. छोटे प्रश्न, छोटी उत्तरं, दोघांत बसून वाचायला मजा येते: एकानं यक्ष व्हायचं, एकानं युधिष्ठिर. ‘बातमी काय?’ या यक्षाच्या प्रश्नावर युधिष्ठिर सांगतो की मोहाच्या मोठ्या कढईत, सूर्याचा विस्तव, रात्रंदिवसांचं सरपण, महिने आणि ऋतूंची पळी फिरवत काळ सगळ्या प्राण्यांना शिजवतो आहे, हीच बातमी. गावजेवणाची कढई ज्यानं ढवळलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रत कोणती घ्यावी? हिंदी चालत असेल तर गोरखपूरच्या गीता प्रेसची सहा खंडांची प्रत मूळ श्लोकासकट आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ साली पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं जमवून, ताडून तयार केलेली. या दोन प्रतींत अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. यक्षप्रश्न गोरखपूरच्या प्रतीत वनपर्वाच्या ३१३व्या अध्यायात, तर पुण्याच्या प्रतीत २९७व्या. म्हणून वहीत आकडा लिहिताना कोणत्या प्रतीचा तेही लिहा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच स्वतःला खोटं ठरवाल.

श्लोक फोडायचा कसा

बहुतेक वचनं अनुष्टुभ छंदात आहेत. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. बोटांवर मोजा. अक्षरं जुळली नाहीत तर लिहिताना काहीतरी गळालंय. एक श्लोक घेऊन बसू, विदुरनीतीतलाच:

पुष्पं पुष्पं विचिन्वीत मूलच्छेदं न कारयेत् ।
मालाकार इवारामे न यथाङ्गारकारकः ॥

आधी जोडलेले शब्द सुटे करा. ‘इवारामे’ म्हणजे इव आरामे. ‘यथाङ्गारकारकः’ म्हणजे यथा अङ्गारकारकः. मग ओळखीचे शब्द शोधा, निम्मे तर मराठीच निघतात. पुष्प, मूल, माला. ‘विचिन्वीत’ जवळून बघितलं की त्यात आपलं ‘वेचणं’ दिसतं. ‘आराम’ मात्र फसवतो: संस्कृतात त्याचा अर्थ बाग, आपला दुपारचा आराम फारसीतून आलेला. अंगारकारक म्हणजे कोळसा पाडणारा.

आता अर्थ लावा. फूल फूल वेचावं, मुळावर घाव घालू नये. बागेतल्या माळ्यासारखं वागावं, कोळसेवाल्यासारखं नाही. हे फुलांविषयी नाहीच. विदुर राजाला सांगतोय की प्रजेकडून कर कसा घ्यावा. याच्या आधीचा श्लोक भुंग्याचा आहे: तो फुलाला धक्का न लावता मध घेतो, तसा पैसा घ्यावा. आमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेली बाई आणि मोहाचं झाड तोडून नेणारा ठेकेदार डोळ्यासमोर आणा, श्लोक पुरा झाला.

एवढं एका श्लोकाला अर्धा तास लागतो. लागू द्या.

बोलतंय कोण?

इथेच सगळ्यात जास्त पाय घसरतात, माझा घसरला तसे.

एका शिकवणीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिलं: असंतोषः श्रियो मूलम्. असमाधान हे भरभराटीचं मूळ. पोरांना जोर यावा म्हणून. वचन अस्सल आहे, सभापर्वातलं. बोलणारा दुर्योधन. पांडवांचं वैभव पाहून तो जळतोय, द्यूताला परवानगी मिळावी म्हणून बापाला पटवतोय आणि त्या भरात हे म्हणतो. त्या असंतोषानं पुढे कोणाची भरभराट झाली ते पोरांना कोणी सांगितलं नसावं.

म्हणजे वाईट माणसाचं वचन घेऊच नये का? असं नाही. दुर्योधनाचं ‘सुईच्या टोकावर येईल एवढीही जमीन देणार नाही’ हे तर आपल्याकडे रोजच्या वापरात आहे. धुऱ्याच्या वादात तलाठी मोजणीला उभा असतो आणि वीतभर मातीसाठी दोन भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत, तिथे याच्याइतकं चपखल दुसरं काही सापडत नाही. फक्त ते ‘महाभारतात सांगितलंय’ म्हणून नाही, ‘दुर्योधन म्हणाला’ म्हणून सांगायचं.

चांगल्या माणसांचीही वचनं तपासून घ्यावी लागतात. भीष्मपर्वात, लढाई सुरू व्हायच्या ऐन तोंडावर, युधिष्ठिर चिलखत उतरवून पायी चालत कौरवांच्या सैन्यात शिरतो आणि भीष्मांच्या पाया पडून लढायची परवानगी मागतो. तेव्हा भीष्म म्हणतात:

अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित् ।

माणूस पैशाचा गुलाम, पैसा कोणाचाच गुलाम नाही. आणि पुढे, कौरवांनी मला अर्थानं बांधून ठेवलंय. मग युधिष्ठिर द्रोणांकडे जातो. तेही हेच म्हणतात. कृपाचार्य, हेच. शल्य, हेच. चार थोर माणसं एकामागून एक तीच ओळ म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना शहाणपण वाटतं, चौथ्यांदा ऐकताना कबुलीजबाब. मला तर व्यासांनी ती चार वेळा म्हणायला लावलीय ती यासाठीच असं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण चारही जागा वाचून मग ठरवा.

आणि एक ओळ, जी दोन्ही महाकाव्यांत फिरते:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः ।
अप्रियस्य च पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः ॥

राजा, गोड बोलणारे हवे तेवढे मिळतात. कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ आणि ऐकणाराही. रामायणात अरण्यकांडात हे मारीच रावणाला सांगतो, युद्धकांडात बिभीषण रावणाला सांगतो, आणि उद्योगपर्वात एका शब्दाच्या फरकानं विदुर धृतराष्ट्राला सांगतो. वहीच्या चौथ्या घरात तिन्ही वेळा एकच लिहावं लागतं: ऐकलं नाही. मारीचाला सोन्याचं हरीण व्हावं लागलं, बिभीषण घर सोडून गेला, विदुराला राजा ‘तू म्हणतोस ते खरं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते’ अशा अर्थाचं सांगून मोकळा झाला.

खोटं कसं ओळखायचं

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या वचनांत कोंडाच जास्त. सगळ्यात फिरणारं म्हणजे ‘अहिंसा परमो धर्मः, धर्म हिंसा तथैव च’. पहिलं चरण महाभारतात बऱ्याच ठिकाणी आहे. दुसरं महाभारतात नाही, ते मागाहून चिकटवलेलं. अनुशासनपर्वात त्या चरणापुढे ‘तथाहिंसा परो दमः’ असं येतं, म्हणजे अहिंसा हाच मोठा संयम. आदिपर्वात तर हे वाक्य एका सापाच्या तोंडी आहे. होणाऱ्या बायकोला साप चावला म्हणून रुरू दिसेल त्या सापाला ठेचत सुटलाय. त्याच्या काठीखाली एक डुंडुभ येतो, बिनविषारी, आपल्या विहिरीतल्या दिवडाचा भाऊबंद समजा. मारातून वाचलेला तो जीव, मुळात शापानं साप झालेला ऋषी, ‘अहिंसा परमो धर्मः’ म्हणतो. हा प्रसंग मला त्या वचनाच्या सगळ्या जागांत आवडता.

‘जननी जन्मभूमिश्च’ रामानं लक्ष्मणाला म्हटलं असं सांगतात. वाल्मीकि रामायणाच्या नेहमीच्या प्रतींत ते शोधून सहसा हाती लागत नाही. ‘सत्यमेव जयते’ मुंडकोपनिषदातलं, महाकाव्यातलं नव्हे. महाकाव्यातलं पाहिजे असेल तर ‘यतो धर्मस्ततो जयः’ घ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावर आहे ते. युद्धाच्या दिवसांत दुर्योधन ‘विजयाचा आशीर्वाद दे’ म्हणून आईकडे यायचा, आणि गांधारी पोटच्या पोराला एवढंच म्हणायची.

तपासायची रीत साधी. वचनाखाली पर्व आणि अध्याय लिहिलेला नसेल तर संशय धरा. पुण्याच्या प्रतीचा मजकूर इंटरनेटवर शोधता येतो. शोधताना अख्खी ओळ टाकू नका. संधीमुळे आणि ‘ङ्ग’ की ‘ंग’ अशा लिहिण्याच्या फरकामुळे काहीच सापडत नाही आणि माणूस उगाच ‘वचन खोटं’ म्हणून मोकळा होतो. ‘विचिन्वीत’सारखा मधला एक ठळक शब्द टाका. सापडलं की वरचे-खालचे दहा श्लोक वाचा.

आपल्या मातीत लावून बघा

अर्थ कळला, बोलणारा कळला, की वचनाला गावातली जोड शोधायची. याला नियम नाही. मी ग्रामसभेत एकदा ‘न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः’ म्हटलं, की जिथे जाणती माणसं नाहीत ती सभा नव्हे आणि जे धर्माचं बोलत नाहीत ते जाणते नव्हेत, तर मागून आवाज आला, “जाणते हायेत बाप्पा, कोरमच नाई!”

वैरानं वैर मिटत नाही, तुपानं आग भडकावी तसं उलट वाढतं, असं युधिष्ठिर उद्योगपर्वात कृष्णाला सांगतो. आमच्या बौद्ध वस्तीतल्या वाचनालयात हे वाचलं तेव्हा एका पोरानं लगेच धम्मपदातली ‘न हि वेरेन वेरानि’ म्हणून दाखवली. दोन्ही शेजारी शेजारी लिहून घेतली. वहीतलं ते पान मी कोणालाही आधी दाखवतो.

पण सगळ्यात जास्त बोलणं झालं ते अनुशासनपर्वातल्या सहाव्या अध्यायावर. नशीब मोठं की प्रयत्न, असा युधिष्ठिराचा प्रश्न आहे. भीष्म जुना संवाद सांगतात, आणि त्यात शेतकऱ्याचा दाखला येतो: शेतात जसं बी पेरावं तसं फळ. आपलं ‘पेरावे तसे उगवते’ ते हेच. पण पुढे बघा: क्षेत्रं पुरुषकारस्तु दैवं बीजमुदाहृतम्. शेत म्हणजे माणसाचा प्रयत्न आणि बी म्हणजे दैव. दोन्ही एकत्र आली तर पीक. आपल्याला वाटतं उलट असेल, बी आपण टाकतो आणि जमीन मिळेल तशी. पारावर हे सांगितलं तेव्हा दोनदा पेरणी मोडलेला एक गडी हसला. म्हणाला, “बराबर हाये. वावर म्या तयार केलं, वखरलं, डवरलं. थैलीत बी कसं निघन थे नशीबच.” बोगस बियाण्याच्या पिशवीवर एवढी नेमकी टीका मी कुठल्या भाष्यात वाचलेली नाही.

पाठ करायचं आणि बोलायचं

आठवड्याला एकच वचन. मोठ्यानं, चालीत. ज्यांनी पोळ्याला तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हटल्यात त्यांना पाठांतर शिकवायची गरज नाही. तीच ताकद इथे लावायची. झडतीला समोरचा उत्तर देतो, तसं इथेही जोडीदार ठेवा. तुम्ही वचन म्हणायचं, त्यानं विचारायचं: कोण बोललं? मग काय झालं? उत्तर अडलं की तुमची पाळी गेली.

चारचौघांत बोलताना संस्कृत ओळ एकदाच म्हणा, हळू. लगेच प्रसंग सांगा, मग अर्थ. आधी अर्थ सांगितला तर लोक चहाकडे बघायला लागतात. एका भाषणात एकच वचन. आणि लग्नाच्या मांडवात दमयंतीचा तो श्लोक म्हणायचाच असेल तर नळाचं नाव घेऊन, नवरदेवाकडे बघून म्हणा. गेल्या उन्हाळ्यात मी तसा म्हटला. मावशी पहिल्या रांगेतच होती, काही बोलली नाही, पण पंगतीत माझ्या पानावर बुंदी दोनदा पडली.

वेळेचा हिशोब असा. आषाढ लागला तेव्हा विदुरनीती उघडली तर पोळ्यापर्यंत आठ आठवडे मिळतात, आठवड्याला एक अध्याय निवांत होतो. डवरणीच्या दिवसांत एखादा आठवडा बुडेल, तो यक्षप्रश्नांच्या वेळी भरून काढा. शांतिपर्व सगळ्यात मोठं आहे. तूर घरात आल्याशिवाय त्याला हात लावू नका.